मागच्या सीटवरचा खळगा

त्या गल्लीतली पत्र्याची शेड म्हणजे जुन्या फ्रेंच गाड्यांचा दवाखाना होता आणि त्यात डॉक्टर दोन होते. नवरा इंजिनं बघायचा, बायको सीटा शिवायची. लोक त्याला मिस्त्री म्हणत आणि तिला शिवणकाकू. हौशी मंडळी आपापल्या रेनो आणि प्यूजो कशाबशा ओढत तिथे आणायची आणि घरातली म्हातारी आजारी असल्यासारखी तोंडं पाडून उभी राहायची. मिस्त्री बॉनेट उघडून कान लावायचा आणि म्हणायचा, "रडू नका, पुष्कळ जगेल अजून." काकू तोवर मागचं दार उघडून सीटवरून तळहात फिरवायची. चप्पल जशी पायाची होते तशी सीट माणसाची होते, असं तिचं म्हणणं होतं. नुसत्या खळग्यावरून ती सांगायची की इथे बसणाऱ्याचा गुडघा दुखतो, किंवा इथे बसणारी बाई नवऱ्यापासून सरकून बसते. अशा वेळी मालक लोक चटकन विषय बदलायचे.

त्यांची स्वतःची गाडी एकच होती, काळी सिट्रोएन. उतरतं नाक, बटबटीत डोळे आणि मागची चाकं अर्धी झाकलेली. तिला स्प्रिंगा नव्हत्या. तेल आणि लोखंडी गोळ्यांत कोंडलेला वायू, यांच्या जोरावर ती उभी राहायची. बंद असली की जमिनीला पोट टेकून पडलेली, आणि चालू केली की आधी मागून, मग पुढून अंग सावरत उठायची. लेकीने ती पहिल्यांदा उठताना पाहिली तेव्हा लेक अजून बोबडं बोलत होती. "बेदकी!" ती ओरडली आणि गाडीचं नाव बेडकी पडलं ते पडलंच.

बेडकीची एक खोड होती. कुणी आत बसलं की ती जराशी दबायची, विचार केल्यासारखी थांबायची आणि पंपाची टिकटिक होऊन पुन्हा होती तेवढी उंच व्हायची. कुणी उतरलं की उलट. अंग हलकं झाल्यासारखी वर यायची आणि सुस्कारा टाकून पातळीला बसायची. मागे कोण चढलं, कोण उतरलं, यासाठी मिस्त्रीला आरशात बघावं लागत नसे. ते त्याच्या कमरेला कळायचं.

लेकीला घरात खारू म्हणत, कारण ती सदा कुठेतरी पाय पोटाशी घेऊन बसलेली असायची आणि काहीतरी कुरतडत असायची. गाडीतही ती बापाशेजारी कधी बसली नाही. मागे, फुटपाथच्या बाजूला, एक पाय दुमडून बसायची. तिच्या टाचेने तिथली शिवण दर थोड्या दिवसांनी उसवायची आणि काकू दर वेळी वाकडी सुई घेऊन ती घालताना करवादायची, "घोडी एकोणीस वर्षांची झाली, पण पाय खाली सोडून बसेल तर शपथ!" खारू हसायची. चित्रकलेचा वर्ग सुटला की ती चौकात, घड्याळवाल्याच्या टपरीपाशी येऊन थांबे. बाप सिग्नलला गाडी कडेला घेई. ती मागे बसे, दार लावी आणि मालकिणीच्या तोऱ्यात म्हणे, "ड्रायव्हर, चला."

"कुठे घेऊ बाईसाहेब?" मिस्त्री विचारायचा.

रोजचा हा पोरकटपणा. पण त्या एका वाक्यासाठी तो सकाळपासून काम उरकत असायचा.

ती गेली तो दिवस अगदी साधा होता. टळटळीत ऊन होतं. चौकात फुगेवाला उभा होता, बेकरीची हातगाडी होती, एक बाई फुटपाथवर पाणी मारत होती. मिस्त्री पलीकडच्या बाजूला लाल दिव्यापाशी थांबला होता. टपरीजवळ खारू उभी होती. तिने त्याला पाहिलं, हात वर केला. मध्ये एक बस आली. बस गेली तेव्हा टपरी होती, फुगेवाला होता, ओल्या फुटपाथवर ऊन चमकत होतं. खारू नव्हती.

पुढचे महिने कसे गेले ते त्या दोघांनाच माहीत. पोलिसांनी विचारपूस केली, मग नुसती मान हलवायला लागले, मग मिस्त्री दिसला की शिपाई फाइल शोधण्याचं सोंग करू लागले. खांबाखांबावर लावलेले खारूचे फोटो आधी उन्हाने पिवळे पडले, मग त्यांच्यावर नळ दुरुस्तीच्या जाहिराती चिकटल्या. शेडमध्ये एक रेनो जॅकवर तशीच लटकत राहिली. काकू काम करायची, पण गप्प. मागच्या सीटची ती शिवण त्याच आठवड्यात उसवली होती आणि काकूने ती घातली नाही. ती पोरीने उसवली होती, पोर आली की घालू, एवढंच ती म्हणाली. मिस्त्री मात्र रोज दुपारी त्याच वेळेला बेडकी काढायचा, चौकात जायचा आणि कडेला थांबायचा. काय बघायला जातो हे त्याला सांगता आलं नसतं. घरी बसवत नव्हतं, बस.

पानगळ सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. गाडी चौकात उभी असताना तिची मागची बाजू दबली.

फुटपाथच्या अंगाला दबली, थांबली, पंप टिकटिकला आणि ती वर आली. मिस्त्रीने आरशात पाहिलं. सीट रिकामी होती. दार उघडल्याचा आवाज नव्हता. तेल गळत असणार, तो मनाशी म्हणाला आणि गाडी हाकली. पुलाच्या सिग्नलला तो थांबला तेव्हा मागची बाजू वर उसळली आणि नेहमीचा सुस्कारा टाकून खाली बसली. शेडमध्ये येऊन त्याने गाडीखाली कागद अंथरला, बॅटरी घेऊन सगळ्या नळ्या तपासल्या. कागदावर एक थेंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही चौकात चढलं आणि पुलाला उतरलं.

त्या दिवशी त्याने गाडी गिअरमध्ये टाकली नाही. स्टिअरिंग घट्ट धरून तो समोर बघत बसला. मागून हॉर्न वाजायला लागले.

"कुठे घेऊ बाईसाहेब?" तो म्हणाला, आणि मग भर रस्त्यात तो माणूस लहान मुलासारखा रडला.

तिथून पुढे त्याला जगायला कारण मिळालं. दाढी करायला लागला. धुतलेला शर्ट घालायला लागला. चौकापासून पुलापर्यंतच्या तेवढ्या वाटेत तो मागे न बघता बोलत असे. आई बरी आहे, रेनोवाल्याने डोकं खाल्लं, तुझ्या रंगाच्या बाटल्या कुणी हलवल्या नाहीत. पुलाला गाडीने सुस्कारा टाकला की तो ती तशीच सोडून पळत जाई. तिथे एक लांबच लांब भिंत, बंद पडलेली तिकीटखिडकी आणि कबुतरं. त्याने भिंतीचा इंच न् इंच पाहिला, खिडकीच्या फटीला डोळा लावला, पुलाखाली झोपणाऱ्यांना फोटो दाखवून दाखवून भंडावलं. एकदा हिरवा दिवा मिळाला म्हणून तो न थांबता पुढे निघाला. गाडी पुलापाशी धावता धावताच वर उसळली.

एक गोष्ट मात्र त्याने स्वतःपासूनही लपवली. खारू बसली की पंप जेमतेम टिकटिकायचा, इतकी ती हलकी होती. आता तो बराच वेळ टिकटिकत राहायचा. तेल जुनं झालं असेल, असं तो स्वतःला समजवायचा. तेल त्यानेच थोड्या दिवसांपूर्वी बदललं होतं.

शेवटी त्याने बायकोला सांगितलं. काकूने मशीन थांबवलं नाही.

"सुतावरून स्वर्ग गाठू नका," ती म्हणाली. "एक गेली तेवढी पुरे. तुम्ही डोक्याने जाऊ नका."

पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी काढायला गेला तेव्हा काकू आधीच पुढच्या सीटवर बसली होती. मांडीवर तिचा सुयादोऱ्यांचा पत्र्याचा डबा होता. तो डबा ती कुठेही न्यायची.

चौकात गाडी दबली. काकूने हळूच मागे वळून पाहिलं आणि मग पुलापर्यंत ती तशीच मान वळवून बसली. पापणीसुद्धा हलवली नाही तिने. मिस्त्रीची बडबड चालू होती. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी रंग आला होता, आणि तो तिने आज निघतानाच पहिल्यांदा नीट पाहिला असावा. पुलाला सुस्कारा आला. काकू उतरली, मागे जाऊन बसली आणि फुटपाथच्या बाजूच्या सीटवरून तळहात फिरवला. एकदा. पुन्हा एकदा, सावकाश.

"पटलं ना?" मिस्त्री म्हणाला.

"खळगा पडतो, ते खरं."

"मग?"

"अहो, खारू पाय दुमडून बसते. हे दोन्ही पाय खाली सोडून बसलंय. ताठ. आणि जड आहे."

"पोर भरली असेल जरा अंगाने," मिस्त्री म्हणाला. आपण काय बोललो ते त्यालाच ऐकवलं नाही.

काकूने सीटवरचा तळहात उचलला. नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यापुढे त्याचा टिकाव लागला नाही.

"मला माहितीये," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहितीये. पंप सांगतो."

"मग कुणाला घेऊन फिरताय रोज? कुणाशी बोलताय?"

"काय की! पण ती जिथून गेली तिथूनच चढतं ना ते? दुसरं कोण उरलंय आपल्याला विचारायला? पोलीस? ते शुंभ?" त्याचा आवाज फाटला. "कुणी का असेना, त्याला ठाऊक असेल. मी चांगलं वागतो त्याच्याशी. कधीतरी दया येईल, म्हणून."

मागून बस आली आणि हॉर्न मारत बाजूने निघून गेली. काकूने पदराने सीट पुसली, पाहुणा उठून गेल्यावर पुसावी तशी.

"उद्या मी मागे बसते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती चौकात आधी घड्याळवाल्याच्या टपरीवर गेली. मिस्त्रीही मागोमाग गेला. खारू नाहीशी झाली त्या दिवसापासून तो म्हातारा कानावर हात ठेवून होता. डोळ्याला भिंग लावून तो कुणाच्या तरी घड्याळात डोकं खुपसून बसला होता, आणि त्याने भिंग काढलं नाही.

"आमच्या गाडीत इथून कुणी चढतं का?" काकूने सरळच विचारलं.

म्हाताऱ्याची चिमटी थांबली. "मी वर बघत नाही, काकू. काम असं आहे की मान वर केली तर स्क्रू गेला. सावली पडते एवढं ठाऊक आहे. दुपारी याच वेळेला, घड्याळांवर. अंगाने मोठी असते."

"ज्या दिवशी पोर गेली त्या दिवशी?"

"त्या दिवशी दोन सावल्या होत्या," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, पोरीबरोबर कुणी आलंय."

"आणि हे पोलिसांना नाही सांगितलंत?" मिस्त्री ओरडला.

"पोलिसांनी विचारलं, कोण दिसलं. दिसलं कुणीच नाही." त्याने पुन्हा मान खाली घातली. "जा आता. वेळ झाली."

काकूने डबा पुढच्या सीटवर ठेवला आणि ती मागे बसली, रस्त्याच्या बाजूला, कडेला अवघडून. दुसऱ्यासाठी जागा सोडून बसायची तिची जुनी सवय होती.

गाडी दबली. पंप टिकटिकत राहिला.

"आलं," काकू अगदी हळू म्हणाली. "तुम्ही मागे बघू नका. मी सांगेपर्यंत बघायचं नाही, कळलं?"

मिस्त्रीने गाडी हाकली. आज त्याला बोलायला सुचेना. बाहेर शहर आपल्या नादात होतं. शाळा सुटलेली पोरं दप्तरं आपटत रस्ता ओलांडत होती, एक माणूस खांद्यावर आरसा घेऊन चालला होता आणि त्या आरशातून क्षणभर बेडकी गेली. आरशाच्या काचेवर इतकं ऊन होतं की आतलं काही दिसलं नाही.

मागून काकूचा आवाज आला. ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"रागावले नाही मी," ती म्हणत होती. "माझी एकुलती एक आहे. ठेवून घेतली असेल तर निदान सांगा. खाते का नीट? झोपते का? तिला अंधारात झोप लागत नाही." मग थोडं थांबून, "बरं. मग मला न्या. तिच्याजवळ न्या."

"अगं, काय बोलतेस हे!"

"गाडी चालवा तुम्ही."

पुलाची भिंत दिसायला लागली. दिवा पिवळा झाला.

"अहो," काकू म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका झाला होता. कितीतरी महिन्यांत त्याने तो तसा ऐकला नव्हता. "अहो, तिच्या साबणाचा वास येतोय."

दिवा लाल झाला. मिस्त्रीने ब्रेकवर पाय ठेवला.

गाडी मागून वर उसळली. आजवर कधी उसळली नव्हती इतकी.

मग सुस्कारा.

दार वाजलं नव्हतं. मागच्या दोन्ही दारांचे आवाज त्याला झोपेतही ओळखता आले असते. एकही वाजलं नव्हतं.

"सांग ना," मिस्त्री म्हणाला. "बघू का मागे? अगं, बघू का?"

दिवा हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागच्या गाडीवाल्याने खाली उतरून शिव्या घातल्या तेव्हा त्याने मान वळवली.

तो तिच्या नावाने हाका मारत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. कबुतरं उडाली आणि परत बसली. पोलिसांकडे तो गेलाच नाही. कोणत्या तोंडाने जाणार होता? आधी मुलगी, आता बायको, आणि दोन्ही वेळा शेवटचं पाहणारा हाच.

शेडमध्ये येऊन त्याने मागचं दार उघडलं आणि उजेड आत घेतला. बायकोसारखा तळहात त्याने सीटवर ठेवला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ठेवला. खारूच्या जागी बोटं पोचली आणि थांबली.

शिवण घातलेली होती.

मेण लावलेला काळा दोरा, एकसारखे बारीक टाके. हात काकूचाच होता, त्यात शंका नाही. त्याने पुढे वाकून तिचा डबा उघडला. वाकड्या सुया जागच्या जागी होत्या आणि काळ्या दोऱ्याची गुंडी तिने कालच आणलेली, कागदाच्या पट्टीसकट होती तशी होती. डबा तर वाटभर त्याच्या शेजारी होता.

मग त्याने गाठ शोधली. बाहेर कुठेच नव्हती. गाठ आतून मारलेली होती. आतून गाठ मारायची तर खोळ काढायला हवी, हे इतकी वर्षं बायकोशेजारी काम करून त्यालाही ठाऊक होतं. त्याने सीट उचलून पाहिली. खोळीच्या आकड्यांवर जुनी धूळ बसलेली होती. त्यांना कुणी हात लावलेला नव्हता.

सकाळी त्याने जॅकवरची रेनो खाली घेतली, बाकी गाड्यांच्या किल्ल्या बेकरीवाल्याकडे दिल्या आणि मालक आले की द्या म्हणाला. कुठे गावाला का, असं बेकरीवाल्याने विचारलं. मिस्त्री हो म्हणाला. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. शटर ओढायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी तो चौकात थांबला. फुगेवाला होता. बाई फुटपाथवर पाणी मारत होती. घड्याळवाल्याने आज टपरी उघडली नव्हती.

तो वाट बघत बसला. मागची बाजू हलली नाही.

त्याने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती आणि रेक्झिनवर ऊन पडलं होतं. त्या उन्हात फुटपाथच्या बाजूला एक लहानसा खळगा होता, एक पाय दुमडल्यासारखा. दुसरा रस्त्याच्या बाजूला, अगदी कडेला, जागा सोडून बसल्यासारखा. गाडीला त्यांचं काहीच वजन लागत नव्हतं.

मधली जागा मोकळी होती.

मिस्त्रीच्या डोळ्यांना धार लागली. ती त्याने पुसली नाही. "ड्रायव्हर, चला" असं कुणी म्हणेल म्हणून तो थांबला.

कुणी म्हणालं नाही.

गाडी पुढून दबली, त्याच्या शेजारी. पंप टिकटिकायला लागला आणि किती तरी वेळ टिकटिकत राहिला. त्याच्या शेजारच्या सीटवर काकूचा डबा होता. तो हळूहळू कलंडला आणि आतल्या सुया किणकिणल्या.

"सॉरी," मिस्त्री सवयीने म्हणाला आणि डबा उचलून त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला.